पहिले पाच फूट

दारातलं काथ्याचं पायपुसणं आज उचला. कॅलिफोर्नियात टेकड्यांना लागून राहणाऱ्या मराठी घरांनी वणव्याच्या तयारीची सुरुवात इथून करावी. सॅन रमोन, डब्लिन, फ्रीमाँट, सॅन होजेचा एव्हरग्रीन किंवा आल्माडेनचा भाग, साराटोगा, लॉस गॅटोस, दक्षिणेत पोवे किंवा पोर्टर रँच, यांपैकी कुठेही घर असलं तरी सल्ला हाच. बाजारात 'नैसर्गिक' म्हणून मिळणारं ते जाड, खरखरीत पायपुसणं ऑक्टोबरपर्यंत कोरडं ठणठणीत झालेलं असतं. वाऱ्याबरोबर आलेला एक निखारा त्याला पुरतो, आणि ते असतं लाकडी दाराला अगदी चिकटून.

वणवा म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती डोंगरउतारावरून धावत येणारी ज्वाळांची रांग. त्यामुळे घरमालकाचा पहिला खर्चही तिकडेच होतो. कुंपणापलीकडची झाडं तोडायला माणूस बोलावला जातो. अमेरिकन वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन नव्वदच्या दशकापासून सांगत आले की घर वाचणार की जळणार हे बहुतांशी घर स्वतः आणि त्याच्या लगतची थोडी जागा यांवर ठरतं. मुख्य आग मैलभर लांब असताना तिचे निखारे वाऱ्यावर पुढे येतात, पन्हळीतल्या पाचोळ्यात पडतात, माळ्याच्या जाळीतून आत शिरतात, डेकखाली रचलेल्या खोक्यांत बसतात. तासाभराने घर पेटतं, आणि पुष्कळदा शेजारचं हिरवं झाड तसंच उभं असतं. म्हणून काम भिंतीपासून सुरू करून बाहेर न्या. टेकडीपासून सुरू करून घराकडे आलात, तर पैसे घरापर्यंत पोचायच्या आत संपतात.

आधी वेळापत्रक. इथल्या गवताचं वर्ष आपल्या अंगवळणी पडलेल्या वर्षाच्या उलट चालतं. पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. टेकड्या हिरव्यागार होतात त्या महाशिवरात्रीच्या सुमारास. मे महिन्यात पिवळ्या पडतात, आणि गणपती येतात तेव्हा कित्येक महिन्यांत थेंब पडलेला नसतो. त्यावर सप्टेंबरच्या अखेरीपासून जमिनीकडून समुद्राकडे कोरडे वारे सुटायला लागतात, उत्तरेत डायब्लो आणि दक्षिणेत सांता आना. ओकलंडच्या टेकड्यांवर १९ ऑक्टोबर १९९१ ला लागलेली गवताची आग आटोक्यात आली असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी ती वाऱ्याने पुन्हा उठली आणि २५ माणसं गेली. सांता रोझाची टब्स आग ८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्रीची. पॅराडाइज गाव जाळणारी कॅम्प फायर पेटली ८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी. त्या दिवशी दिवाळीचा पाडवा होता. ८५ जण मरण पावले आणि धुराने बे एरियातल्या शाळा बंद पडल्या. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगींनी मिळून १६,००० हून अधिक इमारती नेल्या. पाऊस लांबला की हंगामही लांबतो, संक्रांतीपर्यंतसुद्धा. आपल्या दृष्टीने मात्र नवरात्र ते दिवाळी हे आठवडे सर्वांत जोखमीचे, आणि नेमके तेव्हाच घराबाहेर दिवे लागतात, माळा लागतात, पाहुणे येतात.

आता नकाशा. राज्याच्या फायर मार्शल कार्यालयाने फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये शहरी हद्दींसाठी धोक्याच्या पट्ट्यांचे नवे नकाशे टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केले. पूर्वी शहरांच्या हद्दीत फक्त 'व्हेरी हाय' हा पट्टा दाखवत. आता 'मॉडरेट' आणि 'हाय'ही आले. त्यामुळे आजवर नकाशात नसलेली बरीच उपनगरी घरं आता त्यात आहेत. शहराला हे पट्टे वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. आपला पत्ता एकदा घालून बघा. पण रंग बघून निश्चिंत होऊ नका आणि घाबरूनही जाऊ नका. नकाशा सांगतो तो त्या जागेचा धोका, म्हणजे उतार, झाडोरा, वारा, निखारे उडण्याची शक्यता. तुमचं छप्पर कशाचं आहे हे त्याला ठाऊक नसतं. सांता रोझातली कॉफी पार्क ही सपाटीवरची, रुंद हायवेच्या अलीकडची, साधी मध्यमवर्गीय वसाहत तेव्हाच्या धोक्याच्या पट्ट्यात नव्हती. २०१७ च्या त्या रात्री आग हायवे ओलांडून आली आणि वसाहत जवळजवळ पूर्ण जळाली.

पट्ट्याचा कायदेशीर परिणाम मात्र होतो. अग्निशमनाची जबाबदारी थेट राज्याकडे असलेल्या भागात सगळीकडे, आणि शहरी हद्दीत 'व्हेरी हाय' पट्ट्यात, घराभोवती १०० फुटांपर्यंत (किंवा आपली हद्द आधी संपत असेल तर तिथपर्यंत) मोकळीक राखणं बंधनकारक आहे. तिला इथे 'डिफेन्सिबल स्पेस' म्हणतात. अनेक शहरांचे आणि अग्निशमन जिल्ह्यांचे नियम याहून कडक आहेत, म्हणून स्थानिक फायर डिपार्टमेंटचं पत्रक हाच शेवटचा शब्द माना. १ जुलै २०२१ पासून 'हाय' किंवा 'व्हेरी हाय' पट्ट्यातलं घर विकताना हे नियम पाळल्याचा दाखलाही लागतो. घर घेणाऱ्यांनी तो आधीच मागावा. विकणाऱ्याने तो नंतर तुमच्या गळ्यात घातला, तर झाडं छाटण्याचा खर्चही तुमच्याच गळ्यात येतो.

या मोकळीकीचे तीन भाग करतात. भिंतीपासून पाच फूट म्हणजे 'झोन झीरो'. तिथून ३० फुटांपर्यंत झोन एक, आणि ३० ते १०० फूट झोन दोन. झोन झीरोची तरतूद २०२० च्या कायद्याने आली, नियम मात्र रेंगाळले. गव्हर्नरना फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पुरे करण्याचा आदेश काढावा लागला. बर्कलीसारख्या शहराने टेकडीवरच्या भागापुरते स्वतःचे नियम करून टाकले. झाडांवर प्रेम करणारे आणि विमेवाले यांच्यात यावरून जुंपलेली आहे. माझं मत विचाराल तर नियमाची वाट बघू नका. शंभर फुटांत जितकं काम आहे त्यातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम याच पाच फुटांत आहे, आणि बहुतेक सगळं एका शनिवारी हातांनी होतं.

या पाच फुटांत जळणारं काही नको. भिंतीलगत पसरलेला सालपटांचा थर उचला आणि तिथे खडी किंवा फरशी घाला. रेडवुडच्या तंतूंचा केसाळ थर तर आणखी वाईट. तो पटकन पेटतो आणि पसरतो. खिडकीखालचं ज्युनिपर काढा. डेव्हलपरने लावून दिलं म्हणून ते ठेवायची गरज नाही, त्याच्या आत वाळलेल्या सुयांचा साठा असतो. भिंतीला टेकलेली लाकडी ट्रेलिस, काथ्याचं अस्तर असलेल्या टांगत्या कुंड्या, प्लॅस्टिकचं खोकं, कचऱ्याचे डबे, सगळं बाजूला. डेकखाली बघा. आपल्याकडे 'पुढच्या मूव्हला लागतील' म्हणून जपलेली रिकामी खोकी आणि जुन्या बॅगा तिथे हमखास सापडतात. लाकडी कुंपण घराला जिथे भिडतं तो शेवटचा पाच फुटांचा तुकडा किंवा फाटक धातूचं करून घ्या. लांब कुठेतरी पेटलेलं कुंपण वातीसारखं जळत थेट भिंतीपर्यंत येतं.

आपल्या दारात आणखी काही वस्तू असतात ज्यांचा उल्लेख फायर डिपार्टमेंटच्या पत्रकात सापडणार नाही. दसऱ्याचं आंब्याच्या पानांचं तोरण वाळून कुरकुरीत झालं तरी पुढच्या सणापर्यंत लोंबत राहतं. दोन दिवसांत उतरवा. कागदी आकाशकंदील पोर्चमध्ये लावायला हरकत नाही, पण आत एलईडीचाच दिवा, आणि रेड फ्लॅगचा, म्हणजे आगीला पोषक हवामानाचा, इशारा असेल त्या दिवशी तो घरात. तुळस राहू द्या, फक्त कुंडी मातीची किंवा सिमेंटची हवी, खिडकीपासून आणि दारापासून पाच फूट पुढे हवी, आणि मंजिऱ्या व वाळक्या काटक्या काढलेल्या हव्यात. हिवाळ्यात जळून गेलेली तुळस काढवत नाही म्हणून मार्चपर्यंत ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. तिचा सांगाडा तिथे ठेवू नका. कढीपत्त्याच्या कुंड्याही डेकच्या कडेवरून अंगणात न्या.

मग घर. शिडी लावून पन्हळ साफ करा किंवा करून घ्या, उन्हाळ्याच्या शेवटी एकदा आणि वारे सुरू झाल्यावर पुन्हा. छप्पर 'क्लास ए' दर्जाचं आहे का ते कागदपत्रांत पाहा. डांबरी शिंगल किंवा कौलाचं असेल तर बहुधा असतं. जुनी लाकडी शेक असेल तर इतर सगळी कामं थांबवून आधी तिच्यासाठी पैसे जमवा. त्यानंतर माळ्याचे आणि जमिनीखालच्या पोकळीचे व्हेंट. धोक्याच्या पट्ट्यांतल्या नव्या घरांसाठी राज्याचे कडक बांधकाम-नियम २००८ पासून लागू झाले. त्याआधीच्या घरांच्या व्हेंटना बहुधा पाव इंचाची जाळी असते. तिच्यातून निखारा सहज आत जातो. १/१६ ते १/८ इंच भोकांची, न जळणारी धातूची जाळी बसवा. ऐपत असेल तर राज्याने मान्यता दिलेले, निखारे अडवणारे व्हेंट घ्या. जाळी बारीक केली की धूळ साचते, ती वरचेवर झाडावी लागते, नाहीतर माळ्यावर ओल धरते. टाउनहाउसमध्ये छप्पर आणि व्हेंट असोसिएशनच्या (एचओए) ताब्यात असतात. तिथे एकट्याने काही होत नाही, म्हणून सभेला जा आणि हा विषय पत्रिकेवर घ्यायला लावा. आपली माणसं एचओएच्या सभांना जात नाहीत आणि नंतर वर्गणी वाढली की कुरकुरतात.

पाच फुटांच्या बाहेरचं काम तुलनेने सरळ आहे. झोन एकमध्ये वाळलेलं गवत, पाचोळा, मेलेल्या फांद्या काढायच्या. छपरावर आलेल्या फांद्या छाटायच्या. चिमणीच्या तोंडापासून दहा फुटांत कुठलीही फांदी नको. जळणाची लाकडं इथून उचलून झोन दोनमध्ये न्यायची. झोन दोनमध्ये वार्षिक गवत चार इंचांपेक्षा उंच नको. झाडाखाली झुडूप असेल तर झुडपाच्या उंचीच्या तिप्पट अंतर त्याच्या शेंड्यापासून झाडाच्या सर्वांत खालच्या फांदीपर्यंत हवं. पाच फुटांचं झुडूप असेल तर पंधरा फूट. हे गणित बहुतेक अंगणांत जमत नाही, तेव्हा झुडूपच काढलेलं बरं. उतारावर अंतरं वाढतात, कारण आग चढावर वेगाने धावते. सपाटीला झाडांच्या फांद्यांत दहा फूट अंतर पुरतं, तीव्र उतारावर तीस लागतं.

गवत कापणाऱ्या यंत्राचं पातं दगडावर घासून ठिणगी पडते आणि त्यातून आगी लागतात. म्हणून सकाळी दहाच्या आत कापा, वारा आणि कोरडी उष्णता असेल त्या दिवशी कापूच नका. मोठा उतार असेल तर शेळ्यांचा कळप भाड्याने मिळतो. ईस्ट बेच्या टेकड्यांवर हे नेहमीचं दृश्य आहे, आणि गावाकडून आलेल्या आजोबांना इथल्या तंत्रज्ञानापेक्षा याचंच जास्त कौतुक वाटतं. झाड तोडण्याआधी मात्र शहराला विचारा. ओकसारख्या झाडांना पुष्कळ शहरांत परवाना लागतो. आणि वसंतात फायर डिपार्टमेंटची गवत काढण्याची नोटीस आली तर ती जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकू नका. मुदतीत काम झालं नाही तर अनेक ठिकाणी सरकारी कंत्राटदार येऊन ते करतो आणि बिल, वर प्रशासकीय खर्चासकट, मालमत्ताकरात लागतं.

फटाक्यांबद्दल थोडक्यात. आकाशात उडणारे किंवा फुटणारे फटाके सामान्य माणसाला राज्यभर बेकायदा आहेत. 'सेफ अँड सेन' शिक्क्याचे फटाके काही शहरांत चालतात, तेही चार जुलैच्या आसपास विकले जातात, आणि टेकड्यांलगतच्या बऱ्याच शहरांत तेवढेही चालत नाहीत. उन्हाळ्यात घेऊन गराजमध्ये दिवाळीसाठी ठेवलेला साठा ही वाईट कल्पना आहे. मुलांची हौस मंडळाच्या परवानगीवाल्या कार्यक्रमात भागवा.

विम्याकडे वळतो. नूतनीकरण नाकारायचं असेल तर कंपनीला ७५ दिवस आधी कळवावं लागतं. तेवढ्या वेळात दुसरी पॉलिसी शोधायची असते, म्हणून विम्याची ईमेल न उघडता ठेवू नका. राज्याच्या विमा खात्याच्या २०२२ च्या नियमांनुसार, घरमालकाने 'सेफर फ्रॉम वाइल्डफायर्स' यादीतली कामं केली तर कंपनीला हप्त्यात सूट द्यावी लागते. यादीत वर सांगितलेलंच बहुतेक आहे: क्लास ए छप्पर, पाच फूट, व्हेंट, डेकखालची सफाई. वणव्याच्या दृष्टीने तुमच्या घराला किती गुण दिलेत हे विचारण्याचा आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्कही याच नियमांनी दिला आहे. कामाआधीचे आणि नंतरचे तारखेसह फोटो ठेवा. कोणीच विमा देत नसेल तर फेअर प्लॅन हा शेवटचा आधार. त्यात मुख्यतः आग आणि धूर यांचंच संरक्षण असतं, चोरी किंवा पाणीगळतीसाठी जोडपॉलिसी वेगळी घ्यावी लागते. वणव्याची आणीबाणी जाहीर झाली आणि तुमचा पिनकोड आगीच्या हद्दीत किंवा तिच्या लगत असला तर वर्षभर कंपनीला वणव्याच्या कारणाने पॉलिसी बंद करता येत नाही. आणि एक संध्याकाळ काढून फोनवर घराचा व्हिडिओ करा, कपाटं उघडून, साड्यांची आणि देवघरातल्या चांदीचीही नोंद होईल असा. तो घरातल्या कॉम्प्युटरवर न ठेवता क्लाउडवर ठेवा.

आता घरातल्या माणसांकडे. माझ्या मते मराठी घरांची खरी दुबळी बाजू ही आहे. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात. तुम्ही दोघं ऑफिसात, मुलं शाळेत. त्यांना गाडी चालवता येत नाही, शेजारी फक्त हात हलवण्यापुरते ओळखीचे, आणि फोनमध्ये भारतातलं सिम. काउंटीच्या सूचना, म्हणजे अलामेडात एसी अलर्ट, सांता क्लारात अलर्ट एससीसी, तुम्ही नोंदणी केलीत तरच नीट पोचतात. त्यांना इथलं सिम घेऊन द्या, त्यांचाही नंबर नोंदवा. वॉच ड्युटी हे ॲप तुमच्या फोनमध्ये असू द्या, घराच्या भागात आग दिसली की ते लगेच सांगतं. घराचा निर्वासन-विभाग कोणता, त्याचा क्रमांक फ्रिजवर चिकटवा.

दोन शब्द त्यांना समजावून सांगा. 'इव्हॅक्युएशन वॉर्निंग' म्हणजे धोका संभवतो, तयार राहा. 'ऑर्डर' म्हणजे जिवाला धोका आहे, आत्ता निघा. तरण्या माणसांनी वॉर्निंगला आवरावं आणि ऑर्डरला निघावं, पण म्हातारी माणसं, तान्ही मुलं असलेल्या घरांनी वॉर्निंगलाच निघावं, असं अग्निशमनवालेच सांगतात. पॅराडाइजमध्ये बाहेर पडायच्या रस्त्यांवर गाड्या अडकल्या होत्या. ऑफिसातून तुम्ही घ्यायला येईपर्यंत पोलिसांनी रस्ता बंद केलेला असू शकतो, म्हणून गाडी असलेल्या दोन शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. बोलायला अवघड वाटत असेल तर दिवाळीचा फराळ घेऊन जा, विषय आपोआप निघतो.

दाराजवळ एक पिशवी असावी. त्यात पासपोर्ट, आय-९४ ची छापील प्रत, प्रवासी विम्याचा कागद, चष्मा, कवळी, चार्जर, आणि रक्तदाब-मधुमेहाची किमान दोन आठवड्यांची औषधं. शेवटचं महत्त्वाचं, कारण भारतातून आणलेली गोळी घरात जळाली तर इथल्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत नाही. गोळ्यांच्या मूळ घटकांची नावं लिहून ठेवा, भारतातली ब्रँडची नावं इथे कोणाला कळत नाहीत.

आग लांब असली तरी धूर येतोच. एअरनाउ या संकेतस्थळावर हवेचा निर्देशांक पाहा. वाढला की खिडक्या बंद, वातानुकूलन आतलीच हवा फिरवेल असं लावा, हेपा एअर प्युरिफायर एका खोलीत सुरू ठेवा आणि वडीलधाऱ्यांना त्याच खोलीत बसवा. तळण, खमंग फोडणी, धूप-उदबत्ती त्या दिवसांत टाळा. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट आतली हवा बाहेर फेकतो तेव्हा बाहेरचा धूर फटींतून आत ओढला जातो. तोंडाला ओला रुमाल बांधून सूक्ष्म कण अडत नाहीत, एन-९५ मास्कच लागतो.

आणि गराजचं दार. जोराच्या वाऱ्यात वीज कंपनी स्वतःहून वीज तोडते, म्हणजे बटण दाबून दार उघडत नाही. २०१७ च्या आगींत काही जण याच कारणाने गाडी बाहेर काढू शकले नाहीत, त्यानंतर कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून नव्या यंत्राला बॅटरी सक्तीची झाली. तुमचं यंत्र त्याआधीचं असेल तर बदला. तोवर छताच्या रुळाला लोंबणारी लाल दोरी घरातल्या प्रत्येकाला दाखवा. दार पूर्ण बंद असताना ती ओढायची आणि मग दार हाताने वर उचलायचं. एकदा सगळ्यांकडून करून घ्या. बाबांना दार जड जात असेल तर बहुधा दाराच्या स्प्रिंगा सैल झाल्या आहेत. त्या स्वतः हाताळू नका, त्यांच्यात फार ताण असतो. तंत्रज्ञाला बोलावून ऑक्टोबरच्या आत बदलून घ्या.